देता फार! : हौशी एकेरी टेनिसमधील फटक्यांची निवड

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीवरील गटाच्या एका स्थानिक स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरलो. हरण्याचे विशेष काही नव्हते, पण समोरचे गृहस्थ साठी ओलांडलेले होते. उजव्या गुडघ्याला पट्टा, हातात जुनी रॅकेट आणि सर्व्हिस अशी की चेंडू जाळी ओलांडतो की नाही याची आपल्यालाच काळजी वाटावी. त्यांनी मला ६-२, ६-३ असे हरवले. संपूर्ण सामन्यात लक्षात राहील असा एकही फटका त्यांनी मारला नाही. माझे तीन-चार फोरहँड मात्र असे बसले होते की बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. हस्तांदोलन करताना ते म्हणाले, “तुम्ही खेळता छान, पण देता फार.”

त्या वेळी मला ते बोलणे लागले. घरी येऊन मी सांगितलेही, की खेळ माझाच चांगला झाला, नशीब त्यांचे होते. पण ‘देता फार’ हे दोन शब्द डोक्यातून गेले नाहीत. टेनिस मी तिशीनंतर, कोणाही प्रशिक्षकाविना, बघून आणि वाचून शिकलो. तेव्हा याही गोष्टीचा छडा वाचून, मोजून लावावा असे ठरवले. त्या खटाटोपातून जे हाती लागले ते येथे मांडतो. हे लेखन व्यावसायिक खेळाडूंसाठी नाही. सकाळी सहाला जिमखान्यावर जाणाऱ्या, वर्षातून दोन-चार स्पर्धा खेळणाऱ्या आणि “आज फटके लागत नव्हते” असे म्हणत घरी परतणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी आहे.

एक नाव, दोन खेळ

सायमन रॅमो हे अमेरिकेतील नामांकित अभियंते. क्षेपणास्त्रांच्या क्षेत्रात त्यांनी मोठे काम केले आणि सामान्य टेनिसपटूंसाठी एक पुस्तकही लिहिले. त्यांनी गुण कसे संपतात याची मोजदाद केली. त्यांचा निष्कर्ष ढोबळमानाने असा : तज्ज्ञ खेळाडूंच्या सामन्यात शंभरातले सुमारे ८० गुण कोणीतरी जिंकलेले असतात, तर सामान्य खेळाडूंच्या सामन्यात सुमारे ८० गुण कोणीतरी हरलेले असतात. कोर्ट तेच, जाळी तीच, नियमही तेच, पण खेळ दोन. चार्ल्स एलिस यांनी १९७५ साली हाच विचार उचलून शेअरबाजारातील गुंतवणुकीला लावला आणि त्यांचा तो लेख अर्थक्षेत्रात गाजला. गंमत अशी, की गुंतवणूकदारांनी जे मनावर घेतले ते टेनिसपटूंनी फारसे घेतले नाही.

आजच्या व्यावसायिक टेनिसमध्येही चुका कमी होत नाहीत. पण त्यांतल्या बऱ्याचशा समोरच्याने करायला लावलेल्या असतात. आपल्या चुका आपण स्वखुशीने करतो. समोरून साधा, मध्यम वेगाचा चेंडू येतो, आपल्याला दूरदर्शनवर पाहिलेला फटका आठवतो आणि चेंडू रेषेबाहेर हातभर पडतो.

हे पटावे म्हणून मी एक वही केली. तिच्यात चार रकाने : ‘मी मिळवला’, ‘त्याने मिळवला’, ‘मी दिला’, ‘त्याने दिला’. माझा भाचा बाकावर बसून प्रत्येक गुणापुढे खूण करी. इतरांचे सामने पाहताना ते काम मी करी. पानामागून पान भरत गेले, पण चित्र बदलले नाही. ‘दिला’ या दोन रकान्यांपुढे ‘मिळवला’चे रकाने तुटपुंजे दिसत. माझ्या आठवणीत मात्र ‘मिळवला’च तेवढे उरलेले असायचे.

थोडा फरक किती मोठा?

येथे कोणी म्हणेल, शंभर गुणांत चार-पाच चुका कमी केल्या तर असा काय फरक पडणार? टेनिसच्या गुणपद्धतीची खुबी इथेच आहे. समजा, दोघे अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. आता एकाने शंभरातले पाच गुण फुकट देणे थांबवले, म्हणजे प्रत्येक गुण जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के झाली. हिशेब मांडला तर एक गेम जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ६२ टक्के होते, सेट जिंकण्याची सुमारे ८१ टक्के आणि तीन सेटचा सामना जिंकण्याची सुमारे ९१ टक्के. गुणांतला पाचाचा फरक सामन्यापर्यंत पोचेतो एवढा फुगतो, कारण गेम, सेट आणि सामना या प्रत्येक पायरीवर किंचित सरस असणाऱ्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते.

म्हणजे त्या गृहस्थांना माझ्यापेक्षा दुप्पट चांगले खेळण्याची गरजच नव्हती. त्यांनी शंभरात थोडेसे कमी दिले, एवढ्यावर काम झाले.

दुसरा हिशेब सलग फटक्यांचा. तुमचा एक फटका दहापैकी नऊ वेळा कोर्टात पडतो, असे धरू. ऐकायला उत्तम वाटते. पण असे पाच फटके सलग कोर्टात पडण्याची शक्यता ५९ टक्केच उरते. तोच फटका दहापैकी आठ वेळा पडत असेल, तर पाच सलग पडण्याची शक्यता ३३ टक्क्यांवर येते. शंभरात ९५ वेळा पडणारा असेल, तर ७७ टक्के. फटका थोडा सौम्य केल्याने जे मिळते ते एका फटक्यात दिसत नाही, पाचव्या फटक्याला दिसते.

रेषेवर नेम धरला तर

मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट एका रिकाम्या डब्याने शिकवली. सराव करताना कोपऱ्यात डबा ठेवून त्यावर फोरहँड मारायचा आणि चेंडू जिथे टेकेल तिथे खडूने खूण करायची. डब्याला क्वचितच लागतो, हे तर झालेच. महत्त्वाचे होते ते खुणांचे वर्तुळ. आपण एक फटका निवडतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात निवडतो तो असा सगळा पसारा. त्यातला कोणता ठिपका या वेळी वाट्याला येईल हे आपल्या हाती नसते.

आता समजा, आडव्या दिशेत तुमच्या दर तीनपैकी साधारण दोन खुणा लक्ष्यापासून एक मीटरच्या आत पडतात. हौशी खेळाडूसाठी हे चांगलेच म्हणायचे. तुम्ही नेम थेट बाजूच्या रेषेवर धरलात, तर निम्मे चेंडू बाहेर जातील. तुमचे कौशल्य कितीही वाढो, पसारा कितीही आकसो, नेम रेषेवर असेल तर निम्मे बाहेरच जाणार. नेम अर्धा मीटर आत घेतला तर सुमारे ३१ टक्के बाहेर, एक मीटर आत घेतला तर १६ टक्के, दीड मीटर आत घेतला तर ७ टक्के. हात तोच, रॅकेट तीच, फक्त बघण्याची जागा बदलली. एवढा स्वस्त सुधार टेनिसमध्ये दुसरा नाही.

खोलीचेही तसेच. जाळीला घासून जाणारा चेंडू मर्दानी दिसतो, पण तो एकतर जाळीत अडकतो किंवा सर्व्हिस रेषेपाशी आखूड पडून समोरच्याला पुढे बोलावतो. जाळीच्या वर दीड रॅकेट, म्हणजे साधारण मीटरभर उंची ठेवली, की चेंडू सुरक्षितही जातो आणि खोलही पडतो.

कोर्टाचा भूगोल

एकेरीचे कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद असते. जाळी खांबापाशी साडेतीन फूट, तर मध्यभागी तीन फूट उंच. शाळेतला पायथागोरस आठवला, तर कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर साडेब्याऐंशी फूट भरते. म्हणजे तिरका, क्रॉसकोर्ट फटका मारणाऱ्याला साडेचार फूट जास्त कोर्ट मिळते आणि त्याचा चेंडू जाळी ओलांडतो तो तिच्या सहा इंच खालच्या भागावरून. सरळ, रेषेलगतच्या फटक्याला कोर्ट आखूड आणि जाळी उंच.

तिसरा फायदा पायांचा. फटका मारून आपण ‘मध्यावर’ परततो असे म्हणतात, पण परतायचे असते ते समोरच्याच्या शक्य त्या सर्व फटक्यांच्या मध्यावर. मी उजव्या कोपऱ्यातून तिरका मारला, तर समोरचा मला जास्तीत जास्त कोन देऊ शकतो तो पुन्हा माझ्या उजवीकडेच. म्हणून मला बेसलाइनवरच्या मध्यखुणेच्या उजवीकडे मीटरभर उभे राहिले तरी चालते. कोपऱ्यातून तिथवर अंतर साधारण तीन मीटर. तोच चेंडू मी सरळ मारला, तर कोन माझ्या डावीकडे उघडतो आणि मला मध्यखूण ओलांडून मीटरभर पलीकडे पोचावे लागते. अंतर साधारण पाच मीटर, तेही आधीच कमी झालेल्या वेळात, कारण सरळ चेंडू लवकर पोचतो आणि लवकर परततो. पन्नाशीतल्या माणसाला हे दोन मीटर तिसऱ्या सेटमध्ये चांगलेच जाणवतात.

मग दिशा बदलायची केव्हा? अमेरिकेतील प्रशिक्षक पॉल वॉर्डलॉ यांनी यासाठी साधी कसोटी दिली आहे. येणारा चेंडू तुमच्या अंगासमोरून पलीकडे जाऊन मग तुम्हाला मारावा लागत असेल, तर तो बाहेरचा चेंडू. तो जिथून आला तिकडेच तिरका परत करा. अंगासमोरून न जाता अलीकडेच मिळत असेल, तर तो आतला चेंडू. त्याची दिशा बदलायला हरकत नाही. कारण उघड आहे. आल्या वाटेने चेंडू परत पाठवायला रॅकेटचा चेहरा त्याच्या समोर धरला की पुरते. दिशा बदलायची तर चेहरा कोनात धरावा लागतो आणि मग क्षणाचा उशीरही चेंडूला रेषेबाहेर नेतो. माझे रेषेबाहेर गेलेले बहुतेक फोरहँड असेच होते : धावत जाऊन, बाहेरच्या चेंडूवर, सरळ मारलेले.

सर्व्हिसचा हिशेब

दुसरी सर्व्हिस जोरात मारावी की हळू, यावर जिमखान्यावर सदैव वाद असतो. वादाऐवजी गुणाकार करावा. समजा, जोरदार दुसरी सर्व्हिस शंभरातून ६५ वेळा आत पडते आणि आत पडली तर तुम्ही ६० टक्के गुण जिंकता. गुणाकार ३९. हळू सर्व्हिस ९५ वेळा आत पडते, पण मग ४७ टक्केच गुण मिळतात. गुणाकार जवळजवळ ४५. हळू सर्व्हिस सरस ठरली. तुमचे आकडे वेगळे असतील आणि उत्तर उलटेही येऊ शकेल. सांगायचा मुद्दा एवढाच, की ‘आत पडली तर काय होते’ एवढेच आपण पाहतो, ‘किती वेळा पडते’ हे विसरतो. त्या गृहस्थांची ती केविलवाणी सर्व्हिस मला आता केविलवाणी वाटत नाही. पूर्ण सामन्यात त्यांनी डबल फॉल्ट केल्याचे मला आठवत नाही. माझे मात्र नको तितके आठवतात.

सर्व्हिस परतवतानाही तोच न्याय. शंका आली, की खोल आणि मध्यावर. दोन्ही बाजूंच्या रेषा लांब राहतात आणि मध्यावरून समोरच्याला कोनही फारसा मिळत नाही.

म्हणजे नुसते ढकलायचे का?

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे टेनिस नव्हे, ही तर भित्रेगिरी. तसे नाही. कोर्टाचे तीन पट्टे कल्पावेत. बेसलाइनच्या बरेच मागे ढकलले गेलो, तर काम एकच : उंच, खोल, तिरका चेंडू टाकून वेळ मिळवणे. बेसलाइनच्या आसपास असलो, तर घाई न करता चेंडू खोल ठेवत समोरच्याकडून आखूड चेंडूची वाट पाहायची. आणि आखूड चेंडू आला, आपण कोर्टाच्या आत शिरलो, की तिथे न मारणे ही चूक. चेंडू सरळ, पण रेषेपासून मीटरभर आत ठेवून जाळीकडे जावे. सरळ यासाठी, की चेंडूमागोमाग पुढे गेल्याने झाकायचे अंतर कमी राहते. जाळीवरच्या माणसाला चुकवून चेंडू काढणे हौशी खेळाडूला अवघड जाते, तेव्हा निम्मे काम तोच करतो. थोडक्यात, धोका पत्करायचा तो जागा पाहून. मनाची उबळ पाहून नव्हे.

आपली शक्ती जपण्याच्या पुढची पायरी म्हणजे समोरच्याची आवड हिरावून घेणे. याचे ठळक उदाहरण १९७५ च्या विम्बल्डन पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याचे. जिमी कॉनर्स बावीस वर्षांचा, गतविजेता, डावखुरा. समोरच्याचा वेग उचलून दुप्पट वेगाने परत करण्यात पटाईत. आर्थर अ‍ॅश बत्तिशीच्या उंबरठ्यावर, जोरदार फटक्यांसाठीच ओळखला जाणारा आणि याआधी कॉनर्सकडून हरत आलेला. त्या दिवशी अ‍ॅशने आपला आवडता खेळच बाजूला ठेवला. कॉनर्सच्या फोरहँडला हळू आणि खाली राहणारे चेंडू, बॅकहँडकडे बाहेर वळत जाणारी सर्व्हिस, जाळीवर आला की डोक्यावरून लॉब. उचलायला वेगच नाही, म्हणून कॉनर्सला स्वतः वेग निर्माण करावा लागला आणि चेंडू जाळीत व बाहेर जाऊ लागले. पहिले दोन सेट ६-१, ६-१. तिसरा कॉनर्सने ७-५ असा घेतला आणि चौथ्यात तो ३-० असा पुढेही गेला. खरी कसोटी इथे होती. आपल्यापैकी बहुतेकांनी या टप्प्यावर बेत सोडून हाणामारी सुरू केली असती. अ‍ॅशने बेत सोडला नाही. चौथा सेट ६-४ आणि विम्बल्डन त्याचे झाले. पुरुष एकेरीत ते जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

या सामन्यातून हौशी खेळाडूने लॉब किंवा स्लाइस शिकण्यापेक्षा एक प्रश्न शिकावा : समोरच्याला काय आवडते आणि ते मी त्याला का देतो आहे? अमेरिकेचा ब्रॅड गिल्बर्ट डोळे दिपवणारा एकही फटका हाती नसताना १९९० साली जागतिक क्रमवारीत चौथ्या स्थानावर पोचला होता, तो अशाच प्रश्नांच्या बळावर. पुढे १९९४ साली तो आंद्रे अगासीचा प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी मानांकन नसलेल्या अगासीने अमेरिकन ओपन जिंकली. अगासीच्या हातात फटके आधीपासूनच होते. ते कुठे वापरायचे याचा विचार गिल्बर्टने त्याला दिला.

अवघड काय आहे?

हे सगळे समजायला एक संध्याकाळ पुरते. आचरायला मला काही वर्षे लागली, आणि अजूनही पुरते साधलेले नाही. अडचण हाताची नाही, अभिमानाची आहे. आपण स्वतःला आपल्या सर्वोत्तम फटक्यावरून ओळखतो. दहापैकी दोनदा बसणारा तो फोरहँड म्हणजे ‘खरा मी’ आणि बाकीचे आठ म्हणजे अपघात, असे मनाने ठरवलेले असते. फटका निवडताना आपण त्या दोघांना विचारतो, आठांना विचारत नाही. वही ठेवण्याचा उपयोग हाच : ती आठांनाही बोलू देते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी महिनाभर फक्त एवढेच करावे. चार रकाने आखावेत, दुसऱ्या कोणाला तरी लिहायला बसवावे आणि ‘मी दिला’च्या खुणेशेजारी एका शब्दात फटका नोंदवावा. महिन्याअखेर एखाददुसरा फटकाच पुन्हा पुन्हा दिसेल. तो सुधारायचा की सोडायचा, हे मग ठरवता येते.

त्या गृहस्थांशी मी पुढे अनेकदा खेळलो. बहुतेक वेळा हरलोच, पण सामने लांबू लागले. एकदा दुसरा सेट ७-५ वर गेला तेव्हा टॉवेलने मान पुसत ते म्हणाले, “आज मला मागून घ्यावं लागलं.” शाबासकी म्हणून मी ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

गेल्या वर्षी गुडघ्यामुळे त्यांनी एकेरी सोडली. भाचा नोकरीसाठी परगावी गेल्यापासून माझी वही तेच भरतात. सकाळी बाकावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, प्रत्येक गुणापुढे नेमकी खूण. चूक कोणाची यावर आमचे मतभेद होतात, पण पेन त्यांच्या हातात असते. कालचे पान आत्ता समोर उघडे आहे. ‘मी दिला’ हा रकाना अजूनही चौघांत सर्वांत लांब आहे. पूर्वीपेक्षा आखूड, पण लांबच. उद्या सकाळी पुन्हा सहाला जायचे आहे.